हात पोचेल तिथवर

"आर्लिस, खरं सांगा, अंगाला काय लावलंय?"

काइसानं तिचा तळहात स्वतःच्या नाकाशी धरला होता. आर्लिस निळ्या गादीवर पाय पसरून बसलेली. दोन श्वासांपूर्वी ती खांबावर होती, जमिनीपासून चांगली हातभर वर, आणि मग ओल्या साबणाच्या वडीसारखी सरळ खाली आली होती.

"काही नाही गं."

"कोको बटर," काइसा म्हणाली. "दुसरंही काहीतरी आहे."

"ते सकाळी लावलेलं. आता संध्याकाळ झाली."

"सकाळी लावलेलं संध्याकाळपर्यंत सगळ्या अंगभर हिंडून येतं. आणि खांबाला लागलं की तुमच्यामागून चढणारीची कवटी फुटते. ब्रियान, पूस गं तो खांब."

ब्रियान दातांच्या दवाखान्यात कामाला होती. स्पिरिटचं फडकं घेऊन आली आणि खांब पुसू लागली. इथला नियमच तो. आपण उतरलो की आपला घाम आपण पुसायचा, पुढचीला खांब कोरडा द्यायचा. आज आर्लिसच्या वाटचं ती पुसत होती. "मनाला लावून घेऊ नका आर्लिस," ती म्हणाली, "माझी कवटी फुटली तरी सांडण्यासारखं आत फारसं नाही."

आर्लिसनं आवाज खाली आणला. "व्रणाला लावते. दोन वेळा लावायचं, असं नर्सनं बजावलंय. नाही लावलं तर आवळतो, आणि मग हात पुन्हा जागच्या जागी."

काइसा तिच्याशेजारी गादीवर बसली. एकतीस वर्षांची मुलगी, पण दंड सुताराचे. "मग मंगळवारी सकाळचं चुकवा. घरी गेलात की लावा. इथं कोरडं यायचं." जरा थांबून तिनं आर्लिसच्या लांब बाहीला चिमटा काढला. "आणि हे?"

"ते राहू दे."

"राहू दे. पण ऐकून ठेवा. कापड घसरतं. कातडी धरते."

ही काइसाच्या खांबावरच्या कसरतींच्या क्लासातली, ऑक्टोबरातली गोष्ट.

त्याच्या आदल्या वर्षीच्या मार्चमध्ये आर्लिस होगनचा डावा स्तन काढला होता, आणि काखेतल्या गाठीही. जे गेलं त्याचं तिला वाटलं होतं तितकं दुःख झालं नाही. जे राहिलं त्यानंच छळलं. डावा हात खांद्याच्या वर जाईना. बावीस वर्षं ती शाळेच्या स्वयंपाकघरात होती, रोज चारशे मुलांचं जेवण, भट्टीतून ओढून काढायचे ते लांबरुंद तवे, दुधाचे क्रेट. आता ती रांगेच्या टोकाला उंच स्टुलावर बसून मुलांचे जेवणाचे नंबर यंत्रावर दाबत होती. "बसून काम! मजा आहे तुझी," असं सगळ्या म्हणाल्या, आणि तीही "हो ना," म्हणाली. इथं डुलूथ गावात घराला आग लागली तरी माणसं म्हणतात, चला, थंडी तरी पळाली.

व्यायाम शिकवणारीच्या बारा बैठका संपल्या तेव्हा हात कानापर्यंत आला होता. तिथंच अडला. मग काइसाची आई, जी त्याच स्वयंपाकघरात मोठी पातेली घासायची, एक दिवस म्हणाली, "माझ्या लेकीकडे जाऊन बघ. ती बायकांना टांगते."

"कशाला?"

"काय माहीत. पण खाली उतरतात तेव्हा बऱ्या दिसतात."

क्लास सरोवराकाठी, बंदरावरच्या जुन्या मासळीच्या गोदामात होता, वरच्या मजल्यावर. चार चकचकीत खांब, छताला टांगलेली लांब कापडं, दोन लोखंडी कडी. पहिला महिनाभर काइसानं तिला खांबाला हातसुद्धा लावू दिला नाही. कापडाच्या झोळीत बसवायची आणि म्हणायची, "चिमणीएवढं उचला स्वतःला. बस. आता सोडा." आर्लिस सत्तावन्न वर्षांची, आणि चिमणीएवढी कधीच नव्हती. पण उचलत गेली.

मग खांब. आधी विजार गेली, आखूड चड्डी आली. नुसत्या उघड्या मांड्या घेऊन ब्रियानसारख्या पोरींच्या मध्ये उभं राहायचं म्हणजे तिला वाटलं होतं जमीन फाटेल. जमीन फाटली नाही. कुणी पाहिलंही नाही. सगळ्याजणी आपापले डाग मोजत होत्या. पायाच्या नडगीवर, गुडघ्यामागं, मांडीच्या आत, खांब जिथं जिथं चावा घेतो तिथं काळंनिळं व्हायचं, आणि तिथं त्याचं कौतुक असायचं. "आर्लिस, हा बघा, तंतोतंत मिशिगन!" ब्रियान मांडी पुढं करून सांगायची. आर्लिसनंही एकदा धीर करून पोटरी दाखवली. "वा," ब्रियान म्हणाली, "हा तर अख्खा कॅनडा आहे."

बाही मात्र तिनं सोडली नाही. काढायची म्हणजे आत बिनबाह्यांची बनियन, आणि बनियनच्या कडेनं तो जांभळट व्रण काखेतून पाठीकडं वळलेला. अर्ध्यावर चढलं की दम घेण्यासाठी खांब कोपराच्या खोबणीत पकडावा लागतो. तिथं दर वेळी बाही घसरायची आणि तिच्यासकट आर्लिसही. अर्ध्यापर्यंत ती चढायची. वर कधी नाही.

तरी जानेवारीत एका सकाळी, कुणी आसपास नसताना, तिनं वरच्या फळीवरचा मोठा तवा दोन्ही हातांनी खाली काढला. काढल्यावर मग लक्षात आलं. कुणाला सांगणार? तिनं तो परत वर ठेवला आणि पुन्हा एकदा खाली काढला.

घरी सांगता आलं असतं. पण घरी वर्लिन, तिचा नवरा, समजत होता की ती मंगळवारी चर्चच्या तळघरात गोधड्या शिवायला जाते.

खोटं बोलण्याचा तिला सराव नव्हता, म्हणून पहिलं सुचलं ते बोलून बसली होती. खांबावरचा नाच म्हटलं की या गावात कुणाच्याही डोळ्यांसमोर धक्क्याजवळची ती लाल दिव्यांची जागा यायची, जिथं जहाजांवरचे लोक जातात. जेवणाच्या टेबलावर, बटाट्याचं भांडं पुढं सरकवता सरकवता हे शब्द तिच्या तोंडून निघणं शक्य नव्हतं. वर्लिननं नोव्हेंबरात एकदा विचारलंही होतं.

"गोधडी कुठवर आली?"

"चाललीय."

"कुठल्या रंगाची?"

"निळी."

"अं," वर्लिन म्हणाला होता.

तो कमी बोलायचा. पस्तीस वर्षं वीज कंपनीत लाइनमन. बुटांना काटे बांधून लाकडी खांबांवर चढायचं, उणे वीस अंशांत, वाऱ्यात. तिथं वर बोलायला कुणी नसतं. आता दोन्ही गुडघे बदललेले, तळघराच्या पायऱ्याही आडवा होऊन उतरायचा. तिच्या ऑपरेशननंतरचे पहिले सहा आठवडे क्रीम तोच लावायचा, कारण पाठीकडचं टोक तिच्या हाताला येत नव्हतं. ट्यूब आधी आपल्या तळव्यांत धरून गरम करायचा. मग एका सकाळी तिनं आरशात त्याचा चेहरा पाहिला. चेहऱ्यावर काहीच नव्हतं, आणि तेच तिला सोसलं नाही. "दे इकडे, जमतं आता मला," असं म्हणून तिनं ट्यूब काढून घेतली. जमत नव्हतं. पण त्या दिवसापासून ती न्हाणीघराचं दार लावून कपडे बदलू लागली, आणि झोपायच्या खोलीत दिवा मालवल्याशिवाय येईनाशी झाली. त्यानं कारण विचारलं नाही. न विचारणं हा इथला सभ्यपणा आहे. या सभ्यपणानं किती घरं आतून गारठली असतील, त्याची नोंद कुठं होत नाही.

फेब्रुवारीतल्या त्या मंगळवारी ब्रियानचा वाढदिवस होता. आर्लिसनं सकाळीच लिंबाच्या वड्या भाजून ठेवल्या, आणि दुपारी शाळेतून परस्पर क्लासला जाताना साफ विसरली. ताट ओट्यावरच राहिलं. क्लासमध्ये बाकीच्यांनी केक आणला होता, त्यामुळं काही अडलं नाही. साडेपाचला ती घरी निघाली. सरोवर गोठलेलं, जहाजं धक्क्याला बांधलेली, गावात भोंग्याचा आवाजसुद्धा नाही.

स्वयंपाकघरात दिवा होता. वर्लिन टेबलाशी बसला होता, कोट अंगातच. पुढ्यात वड्यांचं रिकामं ताट. रिकामं म्हणजे एका वडीच्या अर्ध्याचं अर्धं शिल्लक होतं. शेवटचा तुकडा इथं कुणी उचलत नाही, कापत कापत जातात. ताटाशेजारी एक कागद. फ्रिजवर चुंबकाखाली दोन वर्षं लटकलेला, इस्पितळातून मिळालेला.

"तुझ्या वड्या राहिल्या होत्या," तो म्हणाला. "नेऊन दिल्या चर्चमध्ये."

आर्लिसचा हात कोटाच्या बटणावरच थांबला.

"गोधड्या शिवणारी ओपल म्हणाली, आर्लिस? तिला तर सप्टेंबरपासून बघितलं नाही आम्ही." तो ताटाकडं बघत बोलत होता. "मी म्हटलं, अरे हो, आज तिचं दुसरं काम होतं, विसरलोच. मग त्यांनी कॉफी दिली. नको म्हणवेना. अर्धा तास बसलो गोधड्या बघत. एकही निळी नाही."

"वर्लिन, ऐक..."

"थांब. मला एकदाच बोलू दे, नाहीतर जमायचं नाही." त्यानं कागद तिच्याकडं वळवला. एका ओळीखाली पेन्सिलीची रेघ होती. रेघ जुनी होती, बोटानं पुसट झालेली. *कारण नसताना अंगावर काळेनिळे डाग दिसल्यास ताबडतोब कळवा.*

"नोव्हेंबरात, थँक्सगिव्हिंगच्या आदल्या दिवशी तू वाकून ओव्हन बघत होतीस, विजार वर सरकलेली. तेव्हा पहिला बघितला. मग दंडावर. मग नाताळात गुडघ्यामागं, केवढा मोठा. मी विचारलं, बरी आहेस ना? तू म्हणालीस, बरी आहे." त्यानं त्या रेघेवर बोट ठेवलं. "दर मंगळवारी जातेस. दमून येतेस, आणि आल्या आल्या झोपतेस. परत आलाय ना तो? औषध चालू केलंय. मला त्रास नको म्हणून एकटी जातेस. तेवढंच सांग, कुठवर पसरलाय?"

आर्लिसला हसू येणार होतं, अगदी ओठांपर्यंत आलं होतं. मग तिनं त्याचे हात पाहिले. तारा ओढून ओढून जाड झालेले ते हात कागदाच्या कडा चुरगळेस्तोवर आवळून होते. तीन महिने हा माणूस रोज सकाळी फ्रिज उघडून दूध काढत होता, ती ओळ वाचत होता, आणि टेबलावर येऊन म्हणत होता, आज वारा आहे.

ती सांगू शकली असती. तोंड उघडलंही. पण ज्या तोंडानं पाच महिने गोधडी शिवली त्या तोंडाच्या शब्दाला काय किंमत राहिली असणार, हे तिलाच कळत होतं.

"परत आलेला नाही," ती म्हणाली. "ऊठ. बूट घाल."

"कुठं?"

"दाखवते."

गोदामाचा जिना त्याला जड गेला. एकेक पायरी, कठड्याला धरून. ती मागं राहिली, हात लावला नाही. ते आवडलं नसतं त्याला. वर काइसा सातच्या क्लाससाठी गाद्या टाकत होती. आर्लिसला परत आलेली पाहून तिनं भुवया उचलल्या, मागोमाग धापा टाकत येणारा म्हातारा पाहिला, आणि काय ते तिच्या ध्यानात आलं असावं.

"बूट दाराशी काढा," एवढंच ती म्हणाली.

वर्लिन लोकरी मोज्यांवर खोलीच्या मध्यापर्यंत आला. कापडांकडं पाहिलं, कड्यांकडं पाहिलं. मग खांबाकडं पाहिलं, आणि बराच वेळ तिथून नजर हलवली नाही. जवळ जाऊन तळव्यानं थोपटला. दोन्ही हातांनी धरून हलवून बघितला. मान वर करून छताची पट्टी आणि तिचे बोल्ट न्याहाळले.

"कुणी बसवलाय?"

"मीच," काइसा म्हणाली.

"तुळईत घेतलाय?"

"मग काय, नुसत्या फळीत घेऊ? माणसं चढतात यावर."

"बरा बसवलाय," वर्लिन म्हणाला. त्याच्याकडून ही मोठी शाबासकी होती, पण ते काइसाला कुठून कळणार. मग तो बायकोकडं वळला. "यावर... तू?"

आर्लिसनं कोट काढला. विजार काढली, आत चड्डी होतीच. खोलीतले सगळे दिवे चालू होते. ती त्याच्यासमोर एक पाय पुढं टाकून उभी राहिली आणि बोटानं दाखवू लागली, शिक्षकानं नकाशा दाखवावा तशी. "हा मागच्या मंगळवारचा. हा त्याच्या आधीचा. हा नाताळातला, उतरताना पाय चुकला. हा कॅनडा. आणि हा इथला नाही, हा शाळेच्या दारात बर्फावर आपटले तो."

वर्लिन बाकावर बसला. एकेक डाग बघत होता. ओठ हलत होते, मोजत असावा.

राहिली बाही. आर्लिसनं खालची कड दोन्ही हातांत धरली. एकवीस महिन्यांत या माणसानं तिला उजेडात पाहिलं नव्हतं. काइसा पाठ करून खिडकीशी गेली आणि उगीचच एक गादी झटकू लागली. आर्लिसनं सदरा डोक्यावरून ओढला. डावा हात वर गेला, सरळ, कुठंही न अडता. ते वर्लिननं पाहिलं. मग बनियनच्या कडेचा व्रण पाहिला. छातीची सपाट बाजू पाहिली. त्याचा चेहरा तसाच होता, काहीही नसलेला. पण आज ती आरशातून बघत नव्हती. समोरून बघत होती, आणि समोरून दिसलं की तो चेहरा रिकामा नव्हताच. जिवंत तारेजवळ काम करणारा माणूस आपला चेहरा असाच धरतो.

तिनं हात मांड्यांवरून फिरवले. कोरडे होते. आज सकाळी क्रीम नव्हतं. खांब धरला, नडगी लावली, गुडघे आवळले, आणि चढली. एक. दोन. तीन. अर्ध्यावर आली तशी कोपराची खोबण खांबाला भिडवली. उघडी कातडी गार लोखंडाला चिकटली आणि धरून राहिली. ती तिथं लटकून श्वास घेत होती. इथवर ती यायची. इथून पुढं माहीत नव्हतं.

खाली बघितलं आणि चूक झाली. तिनं खांबाला सगळ्या अंगानं कवटाळलं, गाल लावला, डोळे मिटले, आणि इंचाइंचानं खाली सरकू लागली.

"मिठी मारू नकोस त्याला."

वर्लिन उभा राहिला होता. आवाज त्याच्या कामावरचा होता, तीस वर्षांत तिनं घरात न ऐकलेला.

"नवीन पोरगा भ्याला की खांबाला मिठी मारतो. मिठी मारली की पाय सुटतात. लांब हो त्याच्यापासून. हात सरळ. छाती बाहेर काढ."

"पडेन मी."

"पायानं धरलंयस ना? मग पाय धरतील. त्यांना धरू दे. मागं रेल."

"मी तीन महिने हेच सांगतेय," काइसा खिडकीशी पुटपुटली.

आर्लिसनं हात सरळ केले. छाती, जशी होती तशी, खांबापासून दूर झाली. मागं मोकळी हवा होती आणि ती हवेत रेलली होती. पाय धरून राहिले. तिनं गुडघे वर ओढले, उभी झाली, हात पुढं टाकला. पुन्हा. मग एकदा डावा हात वर गेला आणि पुढं खांबच नव्हता. लाकूड होतं. छताची तुळई, खडबडीत, मासळीच्या दिवसांपासूनचा धूर खाल्लेली. तिनं तळवा तिच्यावर टेकवला. थोडा वेळ तसाच राहू दिला.

"बरं," खालून वर्लिन म्हणाला. "आता सावकाश ये."

ती उतरली. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. काइसानं वाजवायला हात उचललेले, ते तसेच खाली घेतले. आर्लिस बाकावर बसली आणि सदरा मांडीवर घेतला. घातला नाही. वर्लिननं कोपऱ्यातलं फडकं आणि स्पिरिटची बाटली पाहिली.

"हे कशाला?"

"उतरलं की पुसायचं," आर्लिस म्हणाली. "पुढचीला कोरडा द्यायचा."

तिला उठू न देता त्यानं फडकं भिजवलं आणि खांब पुसायला लागला. तळापासून सुरुवात केली, गुडघे वाकत नव्हते म्हणून एका हातानं बाक धरून. मग कमरेपर्यंत, मग खांद्यापर्यंत. मग टाचा उचलून हात ताणला आणि जिथवर पोचला तिथवर पुसलं. त्याच्याही वर, दिव्याच्या उजेडात, लोखंडावर तिच्या पंजाचे वाफाळ ठसे होते, एकावर एक, छतापर्यंत गेलेले. तो फडकं हातात घेऊन त्यांच्याकडं बघत उभा राहिला.

"ते वरचं मी बघते," काइसा हळूच म्हणाली.

"राहू दे जरा," वर्लिन म्हणाला.

गाडी आर्लिस चालवत होती. उतारावरून खाली बंदराचे दिवे मागं पडत होते.

"ओपलला काय सांगायचं?" त्यानं विचारलं.

"तिला म्हणावं, वड्या आवडल्या का?"

"अं."

चौकात लाल दिवा लागला. काचा धुरकटल्या होत्या. ती समोर बघत म्हणाली, "आज क्रीम लावायचं राहिलंय. घरी गेल्यावर लावायला हवं." थोडं थांबून म्हणाली, "पाठीकडचं टोक आहे ना, तिथं माझा हात पोचत नाही."

अर्ध्या तासापूर्वी तो हात त्यानं छताला टेकलेला पाहिला होता.

हिरवा दिवा लागला, गाडी निघाली. वर्लिननं हातमोजे काढले, एकेक करून मांडीवर ठेवले, आणि गाडीच्या गरम हवेच्या झोतापुढं दोन्ही तळवे धरले. घर येईपर्यंत तसेच धरून ठेवले.